बांधावरचं लिंडन

लिएपा १, १९३१

फुललं! बांधावरचं लिंडन फुललं आणि सकाळपासून अख्खं झाड मधमाश्यांनी गुणगुणतंय. आजपासून महिनाही त्याचाच. आम्हा लिथुआनियन लोकांत जुलैला लिएपा म्हणतात, आणि लिएपा म्हणजे लिंडन. झाडाचं नाव महिन्याला देणारी माणसं आम्ही! आणि शेजारचे बाल्ट्रसकाका म्हणे ते तोडणार.

लिएपा ३

काकांकडे गेले. नऊ वर्षांपूर्वी मोजणीदाराने झाड त्यांच्या बाजूला घातलं, तेव्हापासून बाबा त्यांच्याशी बोलत नाहीत. मी बोलले — जरा जास्तच. विद्यापीठात ऐकलेलं सगळं: या नावाचं मूळ चिकटण्याच्या शब्दात असावं, ओली साल कशी बुळबुळीत, कशी चिवट, तिचे दोर, तिच्या वहाणा...

काका विळ्याला धार लावतच राहिले. "घरातली पहिली पदवीधर, आणि मला झाडाचं नाव शिकवायला आली. सावली माझ्या जवसावर पडते, पोरी. त्याला काय म्हणतात तुमच्या विद्यापीठात?"

आता घरी आल्यावर तीन उत्तरं सुचताहेत.

लिएपा ४

सोमवारी करवत लावणार. बाबांना म्हटलं, एकदा जाऊन बोला.

"त्याच्या जमिनीवर पाय ठेवणार नाही." बिटाचं सूप अर्धंच टाकून उठले.

लिएपा ६

आमच्या मधमाश्यांच्या पेटीतलं मोहोळ उठलं, बांधावरून गेलं आणि थेट लिंडनच्या वरच्या पोकळीत शिरलं! खाली काका. करवत आणून कधीचे नुसतं पातं पुसत बसलेले.

आमच्यात माश्या विकत नाहीत, गेलेल्या परत मागत नाहीत. ज्याच्याकडे त्या आपणहून जातात तो सोयरा होतो. सोयरे भांडले की माश्या मरतात.

बाबा बांधापर्यंत गेले. टोपी काढली.

"बसल्या वाटतं तुझ्याकडे."

"बसल्या."

"म्हणजे सोयरा झालास."

"झालो म्हणायचं. इकडे सावलीत ये की, उन्हात काय उभा राहतोस."

आणि बाबांनी बांध ओलांडला — नऊ वर्षांनी!

लिएपा ७

विसरलेली करवत न्यायला काका आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझा बाप परवा पहाटे बांधावरूनच झाडाच्या पोकळीला वासाचा पाला चोळत होता, माश्या ओढायला. खिडकीतून पाहिलं मी. खालच्या पोकळीपर्यंतच पोचला त्याचा हात. तो गेल्यावर वरच्या पोकळीला मी चोळला."