भूतान, मार्गे गंगाखेड

९ फेब्रुवारी, सकाळी
निर्णय झाला. यंदा हिमालय. नेपाळ, भूतान, जमलंच तर तिबेट. साधी ट्रिप नाही, लक्झरी कल्चरल हॉलिडे. मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. दरीच्या काठावर हॉटेल, आणि पांढरा रोब घातलेला एक माणूस हातात कप घेऊन डोंगराकडे बघतोय. माझ्याच वयाचा. पोट माझ्यापेक्षा थोडं कमी.
पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क म्हणून जन्म गेला. कालव्याचं पाणी पुष्कळ बघितलं, आता बर्फ बघू. बायकोला, कस्तुराला, जाऊन दोन वर्षं होतील. तेव्हापासून घरात टीव्ही आणि मी, दोघंच बोलतो. हे काही खरं नाही.
संकल्प : रोज पाच किलोमीटर चालणे. उद्यापासून.

११ फेब्रुवारी
चाललो नाही. बूट नाहीत. ट्रेकिंगचे बूट आल्याशिवाय चालणं म्हणजे गुडघ्यांशी खेळ.
ट्रॅव्हल कंपनीत चौकशीला फोन केला. मुलगी फार गोड बोलली. खोली ट्विन शेअरिंग असते, आणि साठीपुढच्या माणसासोबत कोणीतरी लागतंच सर, तिकडे उंचीवर श्वासाचा त्रास होतो, म्हणाली. मी म्हणालो, त्याची काळजी नको, माझ्यासोबत यायला लोक रांग लावतील. फोन ठेवून कोण कोण येईल याचा विचार करत बसलो. चहा गार झाला.

१४ फेब्रुवारी
आमच्या चिरंजीवांना, हरिओमला, पुण्याला फोन केला. म्हणालो, चल बाप-लेक जाऊ. बुकिंग तू ऑनलाइन कर, पैसे मी देतो. तो म्हणाला, बघू पप्पा. मागून सूनबाई राजेश्रीचाही आवाज आला, बघू म्हणावं. म्हणजे घर एकमताने तयार!
शेतकरी ऑफिसात येऊन पाणी कधी सोडता विचारायचे तेव्हा मीही बघू म्हणायचो आणि ते गुपचूप परत जायचे. पण ती गोष्ट वेगळी. ते सरकारी होतं. घरात बघू म्हणजे हो.
सोबतीचा प्रश्न मिटला.

२० फेब्रुवारी, संध्याकाळी
सटवाजी नेहमीप्रमाणे चहाला आला. शेजारी आहे, शेळ्या-मेंढ्या राखतो. कस्तुरा होती तेव्हापासूनचा शिरस्ता, तिनेच पाडलेला. त्याला व्हिडिओ दाखवला. डोळे न हलवता शेवटपर्यंत बघितला. मग म्हणाला, सायेब, तिथली मेंढरं लय गुबगुबीत दिसायलीत. मी सांगितलं, ते याक आहेत. त्याने व्हिडिओ परत लावायला सांगितला आणि म्हणाला, मला बी न्या की संगं. माझं मी बघतो, तुमाला तरास न्हाई.
आता काय सांगायचं? खुर्ची रिकामी असताना उंबऱ्यावर बसणारा माणूस. पांढऱ्या रोबमध्ये सटवाजी, ही कल्पनाच करवेना. बुफेत हा भाकरी मागणार आणि मॉनेस्ट्रीत बिडी काढणार. म्हणालो, शिटा फुल्ल झाल्या रे. बरं, म्हणाला. कप धुऊन ठेवून गेला.
माणूस लाखात एक. पण लक्झरी म्हणजे लक्झरी.

६ मार्च
पासपोर्ट आला. फोटोत मी कोणीतरी फरार वाटतो. पोलीस चौकशीला आले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, परदेशात कशाला चाललात? मी म्हणालो, कल्चर. त्यांनी नोकरी असं लिहून घेतलं.
त्या गोड मुलीने आज सांगितलं की नेपाळ-भूतानला आपल्याला पासपोर्ट लागत नाही, मतदान कार्ड चालतं. असू दे. दहा वर्षं चालतो. घरात एक पासपोर्ट असावा.

१८ मार्च
बूट आले. चावतात. टीव्ही बघताना घालून बसतो, म्हणजे सवय होईल.
भूतानी नमस्कार पाठ केला : कुझु झांगपो. शेजारच्या केशरबाई वांग्याची भाजी द्यायला आल्या, तर दारातच हात जोडून तसं म्हणालो. त्यांनी भाजी खाली ठेवली आणि डॉक्टरला बोलवू का विचारलं.
हरिओमला फोन. मीटिंगमध्ये होता.

२ एप्रिल
गावात घोटाळा झालाय. माणिकराव काशीला चालले, अशी बातमी उठली. पारावर जाऊन स्वच्छ शब्दांत खुलासा केला. काशी नाही, यात्रा नाही. हे कल्चर आहे. स्पा असतो, मॉनेस्ट्री असते, सात प्रकारचा चहा असतो. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मग रामहरी सरपंचाने विचारलं, नेपाळात पशुपतिनाथ हाय का न्हाई? मी म्हणालो, आहे. पारावर सगळे हात आपोआप जोडले गेले. माझं पुढचं कोणी ऐकलंच नाही.
आता आमच्याकडच्या पद्धतीने होणार. सोळा तारखेचा मुहूर्तही पारावरच निघाला. यात्रेकरूला हलगी लावून वेशीपर्यंत पोचवायचं, आणि परत आला की त्याने गावाला जेवू घालायचं, म्हणजे मावंदं. केशरबाईंनी दटावून सांगितलं की एकदा पोचवल्यावर देव बघितल्याबगर वेशीत पाय ठेवायचा नसतो. त्यांच्या सासऱ्याच्या काळी एकजण परभणीहूनच माघारी आला होता, तर त्याला घरच्यांनीही आत घेतलं नाही. वेशीबाहेरच्या मारुतीपाशी झोपला म्हणे.
मला काय त्याचं. मी थोडाच माघारी येतोय.
हरिओमला दोनदा फोन. उचलला नाही. बुकिंगच्या गडबडीत असणार.

१६ एप्रिल, सकाळी
निघालो! असा निरोप रिटायरमेंटलाही मिळाला नव्हता. हलगी, हार, नारळ. म्हातारीकोतारी पाया पडली. मी उगाच विरोध करत होतो, यातही कल्चर आहेच. सटवाजीची बायको धुरपताबाई एक पितळी तांब्या घेऊन आली. म्हणाली, दादा, तिथल्या नदीचं पानी आना, म्या देवघरात ठेवीन. माझी चाकांची बॅग सटवाजीने डोक्यावर घेतली. चाकं आहेत म्हणालो, तर म्हणतो, फुफाट्यात कशाला. वेशीत बॅग देताना म्हणाला, सायेब, एकलेच दिसायलाव. मी म्हणालो, पुण्यात हरिओम भेटणार आहे. मान हलवली त्याने.

त्याच दिवशी, दुपारी, परभणी बसस्थानक
हरिओमने फोन उचलला. विचारतो, कुठलं बुकिंग?
म्हणाला, पप्पा, मी बघू म्हणलो होतो. कंपनीत सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, सुट्टी नाही. मग राजेश्रीने फोन घेतला, पुण्याला येताय का विचारलं, आणि लगेच म्हणाली की तिचे आई-वडील आहेत सध्या, जूनमध्ये निवांत या. मी म्हणालो, छे छे, मी सहज फोन केला होता, बाजारात आलोय. आवाज नीट राहिला. तेवढं जमलं.
गळ्यात हार आहे. गावात जाता येत नाही. परभणीत निम्मं ऑफिस ओळखीचं. समोर गंगाखेडची गाडी लागली. गंगाखेडात माझं कोणी नाही. चढलो. कंडक्टरने हाराकडे बघून विचारलं, लगन कोनाचं?

१७ एप्रिल, काठमांडू (गंगाखेड)
लॉजवर खोली मिळाली. दोन कॉटची आहे, म्हणजे ट्विन शेअरिंगच. एकावर मी, एकावर बॅग. कूलर आहे, त्यात पाणी नाही. खिडकीतून बसस्थानक दिसतं. लक्झरी ही शेवटी मनाची अवस्था असते.
गावच्या ग्रुपवर नेटवरचा स्तूपाचा फोटो टाकला. नमस्कारांचा पूर आला. केशरबाईंनी लिहिलं, कान झाकून घ्या.
तीन-चार दिवस थांबायचं, काहीतरी मार्ग काढायचा. कदाचित एकट्यानेच जाता येईल. चौकशी करणे. उद्या.

१९ एप्रिल
चौकशी केली नाही. ऊन फार.
धुरपताबाईंचा फोन आला. दर्शन झालं का विचारत होत्या, तेवढ्यात खालून भोंगा सुरू झाला : गंगाखेडहून परळीला जाणारी गाडी. त्यांनी विचारलं, दादा, हे काय ऐकू यायलंय? मी सांगितलं, इथे मराठी लोक फार येतात, म्हणून नेपाळ सरकारने मराठीतून सोय केली आहे. त्या म्हणाल्या, चांगली मानसं हायेत.
त्या बाईशी खोटं बोललो आणि नंतर जेवण गेलं नाही.

२२ एप्रिल, थिंफू
गाव सेल्फी मागतंय. पांढऱ्या भिंतीसमोर जाकीट, मफलर, कानटोपी घालून काढला. बाहेर बेचाळीस अंश. रामहरीने लिहिलं, भूतानात घाम येतो का? उत्तर दिलं, पायऱ्या चढून आलो. मग चक्कर आली. लॉजच्या मॅनेजरने लिंबूपाणी दिलं आणि ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावून बघितला. पुष्कळ दिवसांनी कोणी कपाळाला हात लावला.

२४ एप्रिल
आज इथला बाजार. खानावळीत गर्दी. समोरच्या खुर्चीवर पिशवी ठेवून बसलो, कोणी परका येऊन बसू नये म्हणून. कोणी आलं नाही. जेवण झाल्यावर पिशवी काढून घेतली आणि थोडा वेळ तसाच बसलो. वाढप्याने टेबल पुसायचं फडकं आणलं, मग उठलो.
संध्याकाळी घाटावर गेलो. गोदावरीत पाणी कमी. बायका दिवे सोडत होत्या. कस्तुरा असती तर म्हणाली असती, बूट काढा आधी. एकटं वाटलं. अगदी छाती भरून येईपर्यंत एकटं वाटलं.
उंचीवर श्वासाचा त्रास होतो म्हणतात, तोच प्रकार असावा.

२८ एप्रिल
परत. तांब्या घाटावरच भरून घेतला. सगळ्या नद्या शेवटी समुद्रात मिसळतात, मी फक्त घाई केली. वेशीत धुरपताबाईंनी पायावर पाणी घातलं आणि तांब्या दोन्ही हातांनी घेतला. डोक्याला लावला. मी बुटांच्या नाड्या बघत उभा राहिलो.

३० एप्रिल, रात्री
मावंदं झालं. पुरी, भाजी, वरणभात, बुंदी. आख्खं गाव जेवलं. मी भूतानवर बोललो. तिथे देश किती सुखी आहे हे मोजतात, म्हणालो. कोणीतरी विचारलं, कशानं मोजतात? मी म्हणालो, पद्धत आहे एक. तेवढ्यात बुंदी आली.
हरिओमला आमंत्रण दिलं होतं. त्याने उत्तरात नुसता अंगठा पाठवला.
सगळे गेले तेव्हा सटवाजी एकटाच मांडवात पत्रावळ्या गोळा करत होता. मी म्हणालो, राहू दे रे, सकाळी बघू. तो थांबला नाही. पत्रावळ्या दुमडता दुमडता म्हणाला, सायेब, गंगाखेडच्या बाजारात बोकडं घिऊन गेलतो म्या. खानावळीत तुमी दिसले. एकलेच जेवायलते. म्होरच्या खुर्चीवर पिशवी व्हती. दारात उभा ऱ्हायलो म्या. हाक मारावं वाटलं लय.
मी खालची एक पत्रावळ उचलली.
तो म्हणाला, पर तुमी नेपाळात व्हते, म्हून मारली न्हाई.
धुरपताबाईला सांगितलंस का, विचारलं. म्हणाला, न्हाई. तिनं तांब्याला कुकू लावलंय.
मला काय झालं माहीत नाही. म्हणालो, सटवाजी, पुढच्या वर्षी आपण दोघं जाऊ. खरं नेपाळ. सगळं मी बघतो, तू फक्त चल. त्याने पत्रावळ्यांचा भारा उचलला, माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, नेहमीसारखंच. म्हणाला, आता शीट मोकळी झाली व्हय?
आणि भारा घेऊन उकिरड्याकडे गेला.

२ मे
चाललो नाही. बूट चावतात.
संध्याकाळी चहाला आधण ठेवलं. शेळ्यांच्या घंट्या मागच्या वाटेने ऐकू आल्या. आमच्या दारावरून नाही. काल पण तसंच. त्या वाटेला चारा चांगला असेल.
पासपोर्ट कपाटात ठेवला, कस्तुराच्या साड्यांखाली. दहा वर्षं चालतो. घाई नाही.