तिसरा खड्डा

सोमवार, १६ सप्टेंबर

खर्च! मालमत्ता नाही, खर्च! आज तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा टेबलावर हात आपटला तेव्हा संचालकाचा चहा बशीत सांडला.

"वहिनी, पैसा मी खड्ड्यात नाही घातला, यंत्रात घातलाय."

"तुमचं यंत्रच खड्डे खणायला लावतं, भाऊजी."

सगळे हसले. तो नाही हसला. माझ्या नवऱ्याचा जुना मित्र तो; काम काढून घ्यायचं असलं की मी वहिनी, राग आला की मॅडम. आजची मीटिंग वहिनीवर सुरू झाली आणि मॅडमवर संपली.

यंत्र रस्त्याखालच्या पाण्याच्या नळांना कान लावतं आणि गळती नेमकी कुठे आहे ते सांगतं. कंपनीकडे विकण्यासारखं दुसरं काही नाही. ते बनवणारा इंजिनिअर म्हणजे माझा नवरा. फेब्रुवारीपासून तो एका लांबच्या गावात चाचणी घेत बसलाय.

कंपनी सुरू झाली तेव्हा हिशेब प्रमुख म्हणून हिशेबाचं धोरण मीच लिहिलं. शोध चालू आहे तोवर गेलेला पैसा खर्च. यंत्र चालतं हे सिद्ध झालं की त्या दिवसापासून पुढचा पैसा मालमत्ता. आणि सिद्ध म्हणजे काय, तेही लिहिलं: यंत्र दाखवेल त्या तीन जागा खणायच्या, तिन्ही ठिकाणी गळती सापडली पाहिजे. दोन सापडल्या, मे महिन्यात. तिसरी जागा नव्या डांबराखाली आहे आणि रस्ते खातं खणायला परवानगी देत नाही.

सहामाही तीस तारखेला संपते. तिसरा खड्डा झाला नाही तर अहवालात यंत्र अजून सिद्ध नाही असं जाईल, सगळा पैसा खर्चात पडेल, तोटा डोळ्यांत भरेल इतका दिसेल, आणि गुंतवणूकदार म्हणतील: चाचणी बंद करा, माणसं परत बोलवा.

माणसं म्हणजे एकच माणूस.

गुरुवार, १९ सप्टेंबर

सोमवारपासून हे एक वाक्य टोचतंय. माणसं परत बोलवा.

मी खरं बोलतेय म्हणून एवढ्या जोरात बोलतेय, की तो घरी यावा म्हणून?

आयुष्यभर व्यासपीठावर बोलले. कॉलेजात, कामगारांच्या सभांमध्ये, पाऊण रिकाम्या सभागृहांतसुद्धा. समोरच्याचं मन कसं वळवायचं ते मला कळतं. स्वतःचं मन वळवताना मात्र समोर कुणी नसतं, प्रश्न विचारायला कुणी उठत नाही. भीती वाटते ती त्याचीच. नियम आणि इच्छा दोघं एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर ओरडणारं कोण आहे हे कसं ओळखायचं?

रविवार, २२ सप्टेंबर

त्याचा फोन. मी बोलणारी, तो ऐकणारा. लग्न टिकलं ते त्यामुळेच, असं सासूबाई म्हणतात. पण फोनवर ऐकणारा माणूस दिसत नाही. नुसता श्वास.

"जेवलास?"

"हो."

"काय जेवलास?"

"जेवण."

"तिसरा खड्डा?"

"परवानगी नाही आली अजून."

"तू जाऊन बसत का नाहीस त्यांच्या डोक्यावर? मी असते तर त्या साहेबाला अर्ध्या तासात—"

"माहितीये. तू असतीस तर." मग म्हणाला, "नळ?"

"गळतोय."

स्वयंपाकघरातला नळ मार्चपासून गळतोय. गावभरच्या गळत्या शोधणाऱ्या माणसाच्या घरात! तोंडाला चिंधी बांधून तिचं टोक मोरीत सोडलंय, म्हणजे टपटप ऐकू येत नाही. प्लंबर कोपऱ्यावरच राहतो, दोनदा विचारून गेला. मीच नको म्हटलं. सासूबाईंना सांगितलं, महाग आहे. त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

गुरुवार, २६ सप्टेंबर

आज भाऊजी दार लावून बसला. आवाज मऊ.

"वहिनी, यंत्र चालणार हे तुम्हालाही माहितीये. तुमच्या नवऱ्याने बनवलंय. वर्षअखेरीपर्यंत खड्डा होईलच. मग आत्ताच मालमत्ता धरली तर काय बिघडलं? सहामाही अहवाल म्हणजे तरी काय, मधलंच स्टेशन."

उभी राहिले. बसून मला बोलता येत नाही. म्हटलं, मधलं स्टेशन असलं तरी तिथे उतरणारी माणसं खरी असतात! त्या कागदाकडे बघून कुणीतरी पैसे लावायचे की काढायचे ते ठरवतं. वर्षाच्या शेवटी जो नियम, तोच वर्षाच्या मध्ये. सहा महिन्यांनी सहा महिन्यांचंच खरं सांगायचं. पुढे सगळं भरून निघेल या आशेवर आजचा खर्च उद्यावर ढकलता येत नाही. आशा ही भावना आहे भाऊजी, पुरावा नाही!

चांगलं झालं भाषण. दाराबाहेर दोघं थांबून ऐकत होते.

आणि घरी येताना बसमध्ये माझंच वाक्य माझ्या अंगावर आलं. फेब्रुवारीपासून मी दुसरं काय करतेय? एक तारीख टळली की नुसती पुढची तारीख बघते. मार्चअखेर येईल. मेमध्ये सुट्टी मिळेल. वाढदिवसाला तरी. वाचून झालेलं पुस्तक त्याच्या उशीपाशी ठेवते, की आला की वाचून दाखवीन. आता तिथे ढीग झालाय. सिनेमा बघत नाही, तो आला की बघू. रोजचा दिवस उद्याच्या खात्यावर टाकते आणि मनात म्हणते, तोटा नाही झालेला. झालाय! ज्या संध्याकाळी त्याच्याशिवाय गेल्या त्या गेल्या. आमच्या धोरणातच आहे, एकदा खर्ची पडलेला पैसा पुढे यंत्र चाललं म्हणून मालमत्ता होऊन परत येत नाही.

ते कलम लिहिताना मला किती अभिमान वाटला होता.

सोमवार, ३० सप्टेंबर

सहामाही संपली. सकाळी त्याला विचारलं, बायको म्हणून नाही, हिशेब प्रमुख म्हणून. तसंच म्हटलंसुद्धा.

"तिसरा खड्डा झाला का?"

"नाही, मॅडम," म्हणाला. थट्टेने. मी हसले. त्याने लगेच फोन ठेवला.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

ऑडिटर बाई आल्या. साठीच्या, चष्मा गळ्यात, बोलणं सुरीसारखं. आत्तापर्यंत हे कुणाजवळ बोलले नव्हते. त्यांच्याजवळ सरळ बोलून टाकलं. म्हटलं, या निर्णयात माझा स्वार्थ आहे. खर्च लिहिला तर माझा नवरा घरी येतो. म्हणून तुम्ही ठरवा.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवून मला नीट पाहिलं.

"किती वर्षं झाली लग्नाला?"

"एकोणीस."

"आणि अजून यावासा वाटतो? बरंय." मग फाइल उघडली. "तुमच्या नवऱ्याने कुठे झोपावं याच्याशी नियमाला काही कर्तव्य नाही. खड्डे किती?"

"दोन."

"हवेत किती?"

"तीन."

"मग मला कशाला विचारता? खर्च."

इतकं हलकं वाटलं! हे माझ्या मनाने ठरवलेलं नाही. खड्ड्यांनी ठरवलं.

शनिवार, ५ ऑक्टोबर

सासूबाईंनी त्याचे शर्ट कपाटातून काढून उन्हात टाकलेत. मी कुणालाच काही बोलले नव्हते.

"कशाला?" विचारलं.

"कुबट वास येतो."

"आई, अजून काही ठरलेलं नाही."

"मी कुठे काय म्हटलं? शर्टाला ऊन दाखवतेय. ऊन फुकट आहे, तुझ्या त्या प्लंबरसारखं महाग नाही."

मंगळवार, ८ ऑक्टोबर

अहवाल गेला. तोट्याचा आकडा मीच टाइप केला. खाली धोरणाची टीप, तीही माझीच. एक अक्षर सैल ठेवलं नाही.

गुरुवार, १० ऑक्टोबर

दोनच दिवसांत गुंतवणूकदारांचं उत्तर. चाचणी बंद. पुढचा हप्ता रोखला. डिसेंबरपर्यंत जमलं तर कंपनी छोटी करा, नाहीतर गुंडाळा.

भाऊजी ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला नाही. खिडकीशी उभा राहून म्हणाला, "तुम्ही बरोबरच केलंत, वहिनी." रागावूनही वहिनीच म्हणाला! मॅडम म्हणाला असता तर बरं वाटलं असतं. त्याने स्वतःचं घर गहाण टाकलंय या यंत्रासाठी. त्याच्या मुलीने यंत्राच्या डब्याला एक मोठा कान आहे असं चित्र काढून दिलं होतं, तो कागद अजून भिंतीवर आहे.

जिन्यात आले आणि कठड्याला धरून थांबले. कारण आतून मी गात होते. येणार! येणार! माणसाची कंपनी बुडतेय आणि मी गातेय. असली कसली मी?

पण येणार.

शनिवार, १२ ऑक्टोबर

आला.

दुपारी. दार मी उघडलं आणि भाषणं करणारी मी, नुसतं "जेवलास?" एवढंच म्हणाले. तो बारीक झालाय. कानामागे उन्हाने काळा पट्टा पडलाय, यंत्राचा हेडफोन लावून लावून. आईच्या पाया पडला. त्या म्हणाल्या, "रस्ते खणून खणून स्वतःच खड्ड्यात गेल्यासारखा दिसतोयस." मग आत जाऊन बराच वेळ डोळे पुसत बसल्या.

बॅग दाराशीच ठेवली. उघडायला गेले तर म्हणाला, राहू दे, उद्या. आधी पाना कुठे आहे?

मोरीपाशी उकिडवा बसला. चिंधी सोडली. नळाला कान लावला, खरंच लावला, डोळे मिटून, आणि मी दारात उभी राहून त्याची मान बघत होते. ही मान मला फेब्रुवारीपासून हवी होती. वायसर बदलला. पाच मिनिटांचं काम!

"एवढ्यासाठी थांबलीस?" त्याने विचारलं.

"एवढ्यासाठी नाही."

मग मी जी सुटले! ऑडिटर बाई, भाऊजी, कान काढलेला कागद, बसमध्ये सुचलेलं सगळं. जेवताना बोलले, आवरताना बोलले. उशीपाशी साठलेल्या पुस्तकांतलं पहिलं वाचून दाखवायला घेतलं. तो ऐकत होता. त्या कलमाचं सांगितलं, एकदा खर्ची पडलेलं परत येत नाही, तेव्हा त्याने माझा हात धरला आणि सोडेचना. म्हटलं, अरे, हिशेबाचं कलम आहे, रडतोस काय!

भाऊजीला फोन कर म्हटलं. "उद्या," म्हणाला. सगळंच उद्या.

रविवार, १३ ऑक्टोबर

सकाळी चहाच्या कपात बघत म्हणाला, "परवानगी जुलैतच आली. तिसरा खड्डा तेव्हाच खणला. पाणी लागलं. यंत्राने सांगितलं होतं तिथेच, वीतभरही इकडेतिकडे नाही."

मग एवढंच: "सांगितलं असतं तर पुढची दोन गावं ठरलेली होती. अजून दोन वर्षं. मला नाही झेपलं गं."

त्याने आजवर बनवलेलं सगळ्यात चांगलं यंत्र. ते चालतं. आणि चालत नाही असं खाली सही करून सगळ्यांना मी कळवलंय.

ऑडिटर बाईंना फोन केला. भाऊजीला उद्या तोंडावर सांगणार, नवऱ्याला शेजारी उभं करून. अहवाल मागे घ्यायचा. जुलैपासूनचा पैसा मालमत्ता. नवा अहवाल मीच लिहीन, आणि तो वाचून गुंतवणूकदार नवऱ्याला परत पाठवतील.

नळ बंद आहे. घरात कसलाच आवाज नाही.

बॅग अजून दाराशी आहे. मी ती उघडली नाही.