गुदौरीला नक्की काय पडणार?

खैतान, ११ जानेवारी

चि. सुरुचीस,
अ. उ. आ.

फोनवर तू इंग्रजी फाडतेस, म्हणून ही मेल. उत्तर मराठीत हवं! बर्फ नाही म्हणून गुदौरीच्या डोंगरावर स्की करायला कुणी येत नाही, मुरगळलेले गुडघे मिळत नाहीत, आमच्या फिजिओ बाई नुसत्या बसून, असं म्हणत होतीस ना? मग ये की घरी. येत्या शुक्रवारी इथे जवळच अर्दियात राहणारा शैलेश आईवडिलांना घेऊन तुला बघायला येतोय. बाबांनी जवळजवळ होकारच देऊन टाकलाय. तिकीट तेच काढताहेत.

लोभ इकडे भरपूर आहे, घ्यायला ये.
तुझी आई, लता

गुदौरी, १२ जानेवारी

ती. आईस,
सा. न.

गुरुवारी तुफान बर्फ पडणार आहे. विमानतळाचा रस्ता बंद होईल. रस्ताच नसेल तर मी येणार कशी? बाबांना तिकीट काढू देऊ नकोस, प्लीज. रस्ता कधी उघडेल सांगता येत नाही.

थंडीतही लोभ ऊबदार ठेव.
सुरुची

खैतान, १३ जानेवारी

चि. सुरुचीस,
अ. उ. आ.

अगं, माझं डोकंच चालेना. माझ्या फोनवर गुरुवारी तिथे चक्क सूर्य, बाबांच्या फोनवर ढग, आणि तुझ्या पत्रात तुफान! बर्फ पडला तर तू अडकणार, नाही पडला तर तुझी नोकरी जाणार. देवापुढे हात जोडले, पण मागायचं काय? आणि मुलगा कसा आहे, हे विचारलंही नाहीस तू.

गोंधळलेली असले तरी लोभ तोच.
आई

गुदौरी, १४ जानेवारी

ती. आईस,
सा. न.

फोनवर खालच्या गावाचं हवामान दिसतं, वरचं वेगळं असतं. खरं सांगू? इथेही कुणाला नक्की माहीत नाही. पडावा, एवढंच मला वाटतं. खूप पडावा. बाबांसमोर माझं तोंडच उघडत नाही गं.

रागावू नकोस, लोभ असू दे.
सुरुची

खैतान, १५ जानेवारी

चि. सुरुचीस,
अ. उ. आ.

सकाळी शैलेशच्या आईला मीच फोन केला. म्हटलं, येऊ नका, आमच्या मुलीच्या मनात नाही. त्या बिचाऱ्या समजूतदार निघाल्या. बाबा मात्र फुगून बसलेत. बसू देत, जेवायला उठतीलच.

पण वेडे, एवढं आभाळ कशाला कामाला लावलंस? नुसतं ‘नको’ लिहिलं असतंस, तरी मला कळलं असतं.

आई