भोक पाडलेल्या घागरी

५ एप्रिल, प्रकाशा

आलो एकदाचे. शहाद्याच्या शाखेत बदली झाल्याचं कळलं तेव्हा वाईट वाटलं होतं, हे लिहून ठेवायला हवं, कारण आज अजिबात वाटत नाहीये. घर लहान, पण गच्ची मोठी. कठड्यापाशी उभं राहिलं की तापीचं पात्र दिसतं. नवनीतने खाली सामान लागायच्या आत वर खाट चढवून घेतली आणि आडवा झाला. बायपासनंतर इतका निवांत चेहरा मी पाहिलेला नाही. नाशिकच्या डॉक्टरांनी सहा महिने ताण नको म्हटलं आहे. बायको म्हणून ते सांभाळणं हेच माझं खरं काम, बँक नंतर.

घरमालक चुडामणअप्पा आणि कौसाबाई शेजारीच राहतात. माझे निवडुंग खोक्यांतून कागदात गुंडाळून आणले होते. कुंड्या वजनाला जड म्हणून नाशकातच वाटून टाकल्या. कौसाबाईंनी एक पुडकं उघडून पाहिलं आणि विचारलं की हे विकत घेतलं का. हो म्हटलं. त्यावर त्या अप्पांकडे वळून म्हणाल्या, आमना बांधवर फुकट शे, हाई बाई पैसा दीसन काटा लयनी. मीही हसले.

१३ एप्रिल

परवा कामासाठी अक्कलकुव्याला गेले होते. परतताना रस्त्याकडेला ईश्वर नावाच्या माणसाचं जुन्या सामानाचं दुकान दिसलं. कुठलंसं कुटुंब घर मोडून सुरतेला गेलं, त्यांचं सगळं त्याने उचललेलं. त्यात रुंद तोंडाच्या चार लाल घागरी होत्या, जुन्या, पाणी पिऊन काळसर झालेल्या. ईश्वरने आपणहून सांगितलं की या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेला त्या घरातल्या पितरांच्या नावाने भरलेल्या. मी थबकले. असं काही झाडं लावायला नेणं बरोबर आहे का, असं मी त्याला विचारलंसुद्धा. तो हसला. म्हणाला, पितर काय घागरमा बशी ऱ्हातस का ताई, पानी पिसन चालना जातस.

मला ते पटलं. की घागरी हव्या होत्या म्हणून पटवून घेतलं? दोन्ही खरं असेल.

आज दिवसभर गच्चीवर. घागरी भिजत घातल्या, मग ड्रिलने प्रत्येकीच्या बुडाला तीन भोकं पाडली. निवडुंगाच्या मुळाशी पाणी थांबलं की संपलं. खाली विटांचे तुकडे, वर तापीची वाळू आणि थोडं शेणखत. वर्तमानपत्राच्या घड्यांत धरून एकेक झाड बसवलं. घायपात, गोल निवडुंग आणि शेराच्या दोन जाती, चारच घागरी. लाल मातीवर हिरवं काय खुलतं.

२० एप्रिल

कुंडी बदलल्यावर आठवडाभर पाणी द्यायचं नसतं. आज संध्याकाळी पहिलं पाणी दिलं. नवनीतला झाडं डोळ्यांसमोर हवी होती म्हणून घागरी खाटेभोवती मांडल्या आहेत. भरपूर पाणी घालून कुंडी निथळू द्यायची ही माझी रीत, पण एकाच जागी चिखल होतो. नवनीत म्हणाला, तापलेल्या फरशीवरच निथळव, गारवा येईल. म्हणून घागर खांद्याशी धरून मी खाटेभोवती चकरा मारल्या. बुडातून पाण्याच्या तीन धारा. एक निथळली की दुसरी घ्यायची. तोवर डासांमुळे पांढरी चादर तोंडावर ओढून नवनीत झोपून गेला. ओल्या फरशीचं एक गोल कडं झालं आणि मातीचा वास सुटला. मला फार सुखी वाटत होतं.

२३ एप्रिल

एक गोष्ट नेमकी लिहून ठेवते. गोल निवडुंगाचा काटा नवनीतच्या तळहातात शिरला. चांगला खोल. मी चिमट्याने ओढला. रक्त आलं नाही.

रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत. दाढी करताना कापलं तर थांबता थांबत नाही. मी तळवा दाबला, पिळला. कोरडं भोक, बस. तो म्हणाला, बरं झालं, तुझा कापूस वाचला. दुखलंही नाही म्हणे.

संध्याकाळी तो झोपला असताना एक कावळा त्याच्या छातीवर बसलेला दिसला. हुसकला तरी उठेना.

२७ एप्रिल

भर दुपार. नवनीत गच्चीच्या सावलीत झोपला होता. मी खाली लसूण कुटत होते. वर काहीतरी तडकल्याचा आवाज आला. त्यानंतरचं मला आठवत नाही. मी गच्चीवर होते, हातात खलाचा बत्ता, आणि मी कावळा मारत होते. तो कधीच मेला होता. पिसं, हाडं, लाल लगदा, आणि तरी मी मारत होते. बत्ता नवनीतच्या उशीला लागून होता. त्याच्या कानापासून बोटभर.

कावळ्याने त्याची भुवई फोडली होती हे खरं. पण मी आधी कावळा पाहिला की आधी बत्ता उचलला? मी खूप आठवून पाहिलं. पाहिला असं म्हणवत नाही.

तडकली होती ती घायपाताची घागर. मुळांनी आतून फोडली, उभी दोन शकलं. दोन आठवड्यांत घायपाताची मुळं एवढी वाढत नाहीत.

३० एप्रिल, आखाजी

चुडामणअप्पा सांजोऱ्या आणि आमरस घेऊन वर आले. त्यांच्या घरी आज पितरांची घागर भरली होती. ते हसत आले, नवनीतला म्हणाले, काय साहेब, नुसतं लोळी ऱ्हायनात का. मग घागरी पाहिल्या. एक कलती करून बूड पाहिलं. ताट खाली ठेवलं आणि विचारलं, ही घागर निथळत ठेवून मी खाटेभोवती फिरले का. त्या संध्याकाळी त्यांनी त्यांच्या गच्चीवरून पाहिलं होतं, पण संधिप्रकाशात माझ्या हातात कुंडीच वाटली होती.

हो म्हटलं.

त्यांनी मला जिन्यात नेलं. बाया मसणात जात नाहीत म्हणून तुला माहीत नाही, तुझी चूक नाही, असं आधी म्हणाले. सरणाभोवती मुलगा पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन फिरतो. मडक्याला भोकं पाडतात, धार लागते. फेऱ्या झाल्या की मडकं मागे टाकून फोडतात. मी चाळिशी ओलांडली आहे, एम.कॉम. आहे, आणि हे मी कधी पाहिलेलं नाही. बाबांच्या वेळी मी घरी फरशी धूत होते.

घागर पितरासनी, अप्पा म्हणाले, तिले तू भोक पाडं, न जित्ता माणूसना आजूबाजू फिरनी. त्यास्नी त्याले आपला समजी लिधा. आते फक्त घागर फुटानी ऱ्हायनी.

एक फुटलीय असं मी सांगितलं. त्यांनी जिन्याच्या तोंडाशी जाऊन बाकीच्या घागरी मोजल्या. मग म्हणाले, बाकीची एकही फुटू देऊ नको. मडक्यानंतर काय असतं, असं मी विचारलं. सांगेनात. पुन्हा विचारलं तेव्हा स्वतःच्या कपाळाला बोट लावलं आणि म्हणाले, कवटी. ती घरनाच माणूस फोडस.

आमच्याकडचं पाणी न पिता गेले.

३ मे

मला हे पटत नाही. पटत नाही असं लिहूनही सगळ्या घागरी तारेने आवळून बांधल्या. वर गोणपाट.

आज सकाळी एक तारेसकट फुटली. मी बँकेत जायला चप्पल घालत होते. नंतर कळलं तेव्हा मी गच्चीवर गुडघ्यांवर बसले होते आणि नवनीत दोन्ही हातांनी डोकं धरून माझ्याकडे पाहत होता. कपाळाची कातडी उलटून खाली लोंबत होती. आतलं हाड दिसत होतं, पांढरं, कोरडं. थेंबभर रक्त नाही. बत्त्याला त्याचे केस.

शहाद्याच्या डॉक्टरांना मी सांगितलं की जिन्यात पडला. ते खोटं आहे. टाके घालताना ते पुन्हा पुन्हा नाडी बघत होते.

नवनीत वाटेत म्हणाला की तू नव्हतीस ती. पण हात माझे होते. मी त्याला तसं सांगितलं.

५ मे

त्याला नाशिकला पाठवायचं ठरवलं. शहाद्याहून गाडीत बसवून दिलं. संध्याकाळी परत आले तर खाटेवर. चादर तोंडावर.

सांगत होता की गाडीत कोणी शेजारी बसेना. कंडक्टरने तिकीट विचारलं नाही. मागच्या बाईने पदराने नाक झाकलं. मग कसा उतरलो आणि कसा आलो ते त्याला आठवत नाही.

मी जवळ जाऊन वास घेतला. तूप आणि धूर.

६ मे

घागरी हलवता येत नाहीत. बुडाच्या भोकांतून मुळं बाहेर येऊन गच्चीत शिरली आहेत. सिमेंटमध्ये. कापायला सुरी लावली तर घागर कुरकुरते. हात काढून घेतला.

बत्ता तापीत टाकला.

८ मे

आणखी एक फुटली. या वेळी पाट्याचा वरवंटा. कौसाबाई आरडाओरडा ऐकून धावत आल्या आणि त्यांनी माझा हात धरला. मी त्यांचं मनगट उलटं वळवलं. मोडलं. आवाज ऐकू आला मला, तो ऐकूनच मी भानावर आले. त्या खाली बसून म्हणत होत्या, सोड वं माय, तुन्हा मालक शे तो, मालक शे.

नवनीतची कवटी उजव्या बाजूने आत दबली आहे. तरी बोलतो. बोलतो कसा?

अप्पा त्यांना घेऊन गेले. माझ्याकडे पाहिलं नाही. बरोबरच आहे.

९ मे

आता एकच उरली. शेराची.

त्याला सांगितलं, मला बांध. रडत होता. खालच्या खोलीत खिडकीच्या गजाला पाय आणि डावा हात, नायलॉनच्या दोरीने. गाठी मी तपासल्या. उजवा मोकळा ठेवायला लावला. नाहीतर लिहिणार कसं? मी काय करते ते मला कळायला हवं. निदान ते.

खोलीतून सगळं काढून घेतलं. कात्री, बांगड्या, आरसा, दाराची कडीसुद्धा. त्याला म्हटलं, बाहेर जा, अप्पांच्या ओट्यावर बस, आत येऊ नको. काहीही झालं तरी—

गेला.

१० मे

रात्रभर वर कुरकुर. शेराची मुळं जाड असतात.

तहान. हाक मारली नाही. ओठ चावून धरले. हाक मारली तर येईल—

दुपार. दारात आहे. तांब्या घेऊन. नको म्हटलं. लांब राहा म्हटलं. म्हणतो, पाणी न देता कसा बसू, प्रतिभा.

डोक्याची पट्टी सुटली आहे. त्याला कळत नाहीये.

जवळ बसलाय. तांब्या माझ्या तोंडाशी. वाकलाय. इतका जवळ की त्याची पापणी—

वर तडकलं.

जा म्हणतेय मी त्याला, हे लिहितेय तेही त्याला दिसावं म्हणून. जा. खोलीत काही नाही, सगळं काढून घेतलंय, मी स्वतः पाहिलं, हातात काही नाही, फक्त हे पे—