ताईनं कोणाच्या नावेत बसावं

गढा, जबलपूर
महाशिवरात्रीचा दुसरा दिवस

तीर्थरूप बेबीताईच्या पायांवर तुझ्याहून धाकट्या (पण दोघा भावांत मोठ्या, हे कृपया ध्यानात असू दे) बाबारावचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही खुशाल आहोत. तुझा उजवा गुडघा काय म्हणतो? भाऊजींनी गोड खाणं सोडलं, की फक्त तुझ्यासमोर सोडलं? रुचिरा नव्या नोकरीत रुळली असेल, तिला आशीर्वाद सांग. तू म्हणशील, रोज सकाळी फोनवर फुलांची चित्रं पाठवणारा हा माणूस आज एकदम कागदावर काहून आला? तर त्याचं असं आहे, की आपल्या घरच्या ग्रुपचा ॲडमिन आपला धाकटा शेखर आहे. (मी मोठा असताना त्याला ॲडमिन कोणी केलं, हे मला आजवर कळलेलं नाही.) आणि फोन करावा तर तुझी भावजय विनता शेजारी बसून माझी वाक्यं दुरुस्त करते. म्हणून हे पत्र.

नर्मदा जयंतीला जे झालं ते तू पाहिलंस. पण तू नावेत पुढे तोंड करून बसली होतीस आणि मोटर होती मागे. त्यामुळे तुला अर्धीच हकीगत माहीत आहे, आणि त्या अर्ध्यात सगळा मान शेखरला गेला आहे. उरलेली अर्धी मी सांगतो.

रुचिराला नोकरी लागली की नर्मदामाईच्या चुनरीचं टोक आपल्या हातानं या काठावरून त्या काठाला नेईन, असा तुझा नवस. साडीला साडी जोडून नदीभर लांब केलेली ती चुनरी, आणि तुझ्या दोन भावांच्या दोन नावा. तू दिवाळीत फोनवर म्हणालीस, मी बाबाच्या नावेत बसेन, तो मोठा आहे. ताई, तुझ्या त्या एका वाक्यानं माझं पोट इतकं भरलं की मी जेवलोच नाही. (विनता म्हणते, चार पोळ्या खाल्ल्या. पण पाचवी नको म्हणालो, हे ती सांगत नाही.)

आता शेखरचं पाहा. चौतीस वर्षं मी गाड्यांच्या कारखान्यात काढली, आणि तो रेल्वेच्या पार्सल ऑफिसात पावत्या फाडत होता. त्याची मोटर जुनी, कोणीतरी वापरून टाकलेली, रंग उडालेली. माझी कोरी करकरीत. बसवताना नारळ फोडला होता, तुला फोटोही पाठवला होता. तरी तिलवाराघाटावर तो एकदा दोरी ओढतो आणि त्याची मोटर चालू होते. मी सहा वेळा ओढतो, खांदा धरून खाली बसतो, पुन्हा उठतो, तेव्हा कुठे सातव्यांदा माझी मोटर खोकते. घाटावरचे नाववाले म्हणतात, "शेखर भैया का हाथ अच्छा है." हात! पावत्या फाडणारा तो हात! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. सख्ख्या भावाविषयी असं वाटू नये हे मला कळतं, पण वाटत होतं आणि अजूनही वाटतं.

शेवटी मी ठरवलं, याच्या मागे काहीतरी गुपित आहे. एका सकाळी घाटावरच्या देवळाच्या ओट्याआड उभा राहून पाहिलं. (मी दर्शनाला गेलो होतो. दर्शन थोडं लांबलं, इतकंच.) शेखरनं एका निळ्या बाटलीतून काहीतरी मोजून पेट्रोलच्या टाकीत ओतलं, टाकी हलवली, दोरी ओढली, आणि मोटर चालू. झालं! मी तसाच कमानिया गेटजवळच्या तेलाच्या दुकानात गेलो. दुकानदार गौरांग शेखरला ओळखतो. त्याला म्हटलं, शेखर जे तेल नेतो तेच दे, पण मोठी बाटली दे. तो म्हणाला, "भैया, उनकी मोटर तो टू-स्ट्रोक है, पेट्रोल में तेल मिलाना पड़ता है. आपकी फोर-स्ट्रोक है, उसमें तेल अलग जाता है, पेट्रोल सादा." ताई, चौतीस वर्षं कारखान्यात काढलेल्या माणसाला हे एक दुकानदार शिकवून राहिला होता! मला काय ते माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. पण मला वाटलं, हा शेखरला फितूर आहे. मी मोठी बाटली घेतलीच. वर त्यानं सहज सांगितलं, की आजकालच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते पाणी धरतं. म्हणून पाणी शोषणारं एक औषध घेतलं. शेजारी मोटरीतला कचरा साफ करणारं होतं, तेही घेतलं. पेट्रोल शिळं होऊ न देणारं तिसरं निघालं. ते तर शेखरकडे असणारच असं वाटून दोन घेतली.

औषधाच्या बाटलीवर लिहिलं होतं, दहा लिटरला एक झाकण. आता झाकणानं ओतायला मी काय लहान पोराला खोकल्याचं औषध देत होतो? टाकीत सगळं ओतत होतो तर विनता म्हणाली, "आमटीला फोडणी देऊन राहिले का तुम्ही?" मी लक्ष दिलं नाही. अंगणात पाण्याच्या ड्रमला मोटर अडकवून चालू करून पाहिली. (ड्रम भरलेला लागतो, नाहीतर मोटर तापते. त्या पाण्यात कपडे भिजवलेले होते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.) मोटर अकराव्या ओढीला चालू झाली आणि धूर असा निघाला, की नगर निगमची डासांची फवारणी आली समजून गल्लीतल्या बायांनी खिडक्या लावून घेतल्या. मला वाटलं, आतला कचरा निघून राहिला. औषध लागू पडलं म्हणून मी खूश झालो.

पुढचं तुला ठाऊक आहे. काठावर ढोल, "नर्मदे हर", तुझ्या हातात चुनरीचं टोक, आणि मी मागे राजासारखा बसलेलो. अर्ध्या नदीत मोटर दोनदा शिंकली आणि बंद पडली. मी दोरी ओढतोय, नाव प्रवाहाबरोबर खाली निघाली, काठावरचे लोक चुनरी तुटेल म्हणून ओरडतायत, आणि तू डोळे मिटून माईचं नाव घेतेयस. तेव्हा मी दोरी ओढत होतो ती मोटरीच्या अब्रूसाठी नव्हे ताई, तुझ्या नवसासाठी. तेवढ्यात शेखर आला. एका दोरीत चालू होणारी ती भंगार मोटर घेऊन आला, तुला हात धरून आपल्या नावेत घेतलं आणि माझ्या नावेला दोर बांधला. तू पलीकडे पोचलीस, नवस फिटला. मी मागून ओढला जात पोचलो. तिथं तू शेखरला पहिला टिळा लावलास. "शेखर होता म्हणून बरं," असं तू तीनदा म्हणालीस. मी मोजलं.

तरी ताई, तू मोठी आहेस, तूच न्याय कर. मोटरीचा एक प्लग तेलानं काळा पडला म्हणून मोठ्या भावाचा मान जातो का? पुढच्या जयंतीला तू पुन्हा ये, आणि या वेळी माझ्याच नावेत बस. भाऊजींना नमस्कार.

तुझा भाऊ,
बाबाराव

ता. क. खरं काम राहिलंच. उद्या शेखर वर्ध्याला तुमच्याकडे येतोय, हे पत्र तोच आणून देईल. चहा देताना सहज विचारून घे, त्या निळ्या बाटलीत काय असतं? मी विचारलं असं अजिबात सांगू नकोस. पाकीट तो उघडणार नाही. लहानपणापासून दुसऱ्याची चिठ्ठी तो कधी उघडत नाही, आणि त्याचं हेच मला सहन होत नाही.

ता. क. २. पाकीट मलाच पुन्हा उघडावं लागलं. आत्ता घाटावर गेलो होतो. माझी मोटर एका दोरीत चालू झाली, धूर नाही, काही नाही! चौकशी केली तर कळलं, परवा शेखरनं मला न विचारता माझी टाकी रिकामी केली, प्लग बदलला आणि सादं पेट्रोल भरलं. मला इतका राग आला, की तडक त्याच्या घरी गेलो आणि निळ्या बाटलीचंही तोंडावर विचारलं. म्हणाला, साधं टू-स्ट्रोकचं तेल आहे, बाटली मापाची. तेव्हा ते विचारायचं काम रद्द.

ता. क. ३. निघताना शेखर दारात थांबून म्हणाला, "दादा, तुला टाकीत काही टाकाची गरजच नाही नं. एवढी चांगली मोटर आहे तुझी. दोन वर्षं झाले, ते पाहून पाहून मी जळून राहिलो." ताई, इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. वरचं सगळं मनावर घेऊ नकोस. पुढच्या जयंतीला तू खुशाल त्याच्याच नावेत बस. बिचारा जळतो गं माझ्यावर.