स्टोव्हच्या पंपातलं कातडं

तीर्थरूप अक्का,

तुला जाऊन उद्या वर्ष होतंय. पहिल्या महायुद्धात बसऱ्याहून लिहिली ती पत्रं सोडली तर मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. तीही तुला गावचे मास्तर वाचून दाखवायचे. हे कोण वाचून दाखवणार, असं मनात आलं खरं. तरी लिहितोय. कारण आज सकाळी सुनेनं मला तोच प्रश्न विचारला, जो आठ वर्षांपूर्वी तू विचारला होतास. आणि पन्नाशीला टेकलेला तुझा भाऊ पुन्हा तशीच खऱ्याला बगल देऊन बसला!

गंगू, तू गेल्यावर घरात आलेली सून, चिंच आणि राख लावून स्टोव्हची टाकी घासत होती. तिचं माहेर जतचं, सगळं घर आपल्यासारखंच माळकरी, सोवळ्यात कातड्याला न शिवणारं. हात न थांबवता म्हणाली, "मामंजी, उद्याचं आत्याबाईंचं पान हितंच रांधीन म्हणते. पर ह्येच्या पंपात कातडं न्हाई न्हवं?"

मी काय म्हणालो असेन? "बघतो."

बघतो! ज्या पंपात गेल्या महिन्यात मी माझ्या हातानं नवा कातडी वायसर घातला, त्यात बघायचं काय राहिलं होतं? टोपी डोक्यावर ठेवली आणि वेळेच्या आधी कचेरीत येऊन बसलो. आता जेवणाची सुटी आहे. भाकरी डब्यात तशीच आहे आणि मी दप्तरखान्याच्या खिडकीशी बसून तुला हे लिहितोय.

तुझे डोळे आठवतात, अक्का. साताऱ्यात आपण आलो तेव्हाचे. माझी बायको गेल्यावर तू तुझं वैधव्याचं दुःख बाजूला ठेवून माझ्या चुलीपुढं येऊन बसलीस, ती बसलीसच. पावसाळ्यात बाभळीची ओली लाकडं, तू फुंकणीनं फुंकतेस आणि पदरानं डोळे पुसतेस. "डोळ्याला काय झालं गं?" म्हटलं की तुझं उत्तर ठरलेलं, "कांदा चिरला." एकादशीला कांदा कुठला, अक्का!

शेवटी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पापणी वर करून पाहिली आणि मलाच दरडावलं, "हिला धुरापासून लांब ठेवा. नाहीतर दोन वर्षांत भिंत धरून चालावं लागेल." त्याच महिन्यात कचेरीच्या कामानं सांगलीला गेलो होतो, तिथल्या बाजारातून पितळी स्टोव्ह घेतला. वाटभर मांडीवर धरून आणला. मला वाटलं होतं, तू आनंदून जाशील.

बसऱ्याला पलटणीच्या मुदपाकखान्यात असले स्टोव्ह मी वर्षभर सांभाळले होते. तुझ्यापुढं बसून मोठ्या ऐटीत पेटवला. आधी काकडा पेटवून बर्नर तापवला, हवेचा स्क्रू बंद केला, पंप मारला. निळा जाळ सूं करून उठला. ना धूर, ना राख. तू दोन पावलं मागं सरलीस, पण नजर जाळावर नव्हती, पंपाच्या दांड्यावर होती.

"लय आवाज करतंय रं," म्हणालीस. मग हळूच, "ह्यो दांडा आत-भाईर करतोस, त्येच्या टोकाला काय हाय? लोहाराच्या भात्याला असतंय तसं कातडं तर न्हाई?"

शाळेचं तोंड न पाहिलेली माझी बहीण! एका नजरेत तू पंपाचं वर्म ओळखलंस. आणि मी, सातवी पास, फौजेत राहून आलेला, पटकन म्हणालो, "न्हाई अक्का, कापाड हाय."

त्या क्षणी मला फक्त तुझे डोळे दिसत होते. खोटं बोलतोय असं वाटलंच नाही. वाटायला लागलं ते दुसऱ्या दिवसापासून. तू स्टोव्हवर वरण-भात करायचीस, पान वाढून देवापुढं ठेवायचीस, घंटी वाजवायचीस. आणि मला हात जोडता येईनात. जोडलेले हात उगाच छातीशी धरून मी भिंतीकडं बघत उभा राहायचो.

तेव्हा सरळ तुझ्याजवळ बसून सांगायचं की नाही? तेवढं सोडून मी सगळं केलं. मला एक अक्कल सुचली. खोटं बोललोय ना, मग तेच खरं करू! लढाईतली माझी पायाला गुंडाळायची लोकरी पट्टी होती. तिचे तीन थर शिवून वाटी केली, मेण चोळलं, कातडी वायसर काढून फेकला आणि ही वाटी पंपात बसवली. त्या दिवशी मी पोटभर जेवलो आणि देवाला हातही जोडले.

पण पंपाला माझं पाप-पुण्य काय कळणार? कापडाच्या कडेनं हवा निसटायची. दांडा ताकात बोट घालावं तसा आत जायचा. जाळ पिवळा पडला, भांड्यांची बुडं काळी झाली. तू पंप मारून मारून दमायचीस. "आसं का करतंय रं ह्ये?" विचारलंस तर मी म्हणालो, "रॉकेल खराब येतंय, अक्का. ह्या दुसऱ्या लढाईचे दिवस हाईत." एकावर दुसरं!

दसऱ्याला पुरणाची डाळ अर्धी शिजली आणि स्टोव्हनं मान टाकली. मी कचेरीच्या पूजेला गेलो होतो. रस्त्यानं पिशवी घेऊन गफूरभाई ओरडत चालले होते, "स्टोव्ह रिपेर!" तू त्यांना हाक मारलीस. पुढचं त्यांनीच मला नंतर सांगितलं, पोट धरून हसत.

त्यांनी पंप उघडला आणि म्हणाले, "आवं बाई, ह्यो पंप लढाईत जखमी झालाय का काय? पट्टी कुणी बांधली?"

"म्हंजी?" तू.

"हितं कातड्याची वाटी लागती. पयली कातड्याचीच असणार की! कापाड हवा धरतंय व्हय कवा?"

तू म्हणे त्यांना चहा पाजलास आणि स्टोव्ह उघडा तसाच ठेवायला सांगितलास.

मी घरी आलो तर चूल पेटलेली, घरभर धूर, आणि कोपऱ्यात फडक्यावर स्टोव्हचे सगळे भाग ओळीनं मांडलेले. मधोमध माझी लोकरीची वाटी. तुझे डोळे लाल झाले होते. "हात धू, जेवाय बस," एवढंच म्हणालीस.

पंधरा दिवस चूलच. मी रोज विनवायचो. "अक्का, तुज्या डोळ्यांसाठीच केलं गं."

"डोळं माजं हाईत," तू म्हणायचीस आणि फुंकणी उचलायचीस.

मग वद्य एकादशी आली. मारुतीच्या देवळात भजनाला जाऊन आलीस, पायावर पाणी घेतलंस आणि उंबऱ्यावरच थांबलीस. "सदू, पखवाजाला काय मडवल्यालं असतंय रं?"

"कातडं."

"त्येच्यावर देवाचं नाव वाजतंय. मी रोज त्येच्याम्होरं बसून टाळ्या वाजवती. मंग ह्ये मला आदी का न्हाई सुचलं?"

मला वाटलं, सुटलो! वायसर आणायला म्हणून उठलो तर म्हणालीस, "आण की. कातडं घाल. पर खोटं बोललास, त्येला काय घालशील?"

तो प्रश्न तू तिथंच सोडलास, पुन्हा कधी काढला नाहीस. अक्का, एवढं एक मला तुझं पटलं नाही बघ! चार शिव्या घालायच्या होत्यास, दोन दिवस अबोला धरायचा होतास. हिशेब मिटला असता. तू मात्र दुसऱ्या दिवसापासून हसून चहा द्यायला लागलीस आणि मी आठ वर्षं उत्तर शोधत बसलो.

आणि त्या स्टोव्हची खरी मालकीण तर तूच झालीस. मी फौजेत शिकलेलं तू महिन्यात शिकलीस. नवा वायसर आणला की तो कोरडा घालायचा नाही, तेलात भिजवून मऊ करायचा, हे मी सांगितलं. पण तेल कुठलं, ते तू ठरवलंस. समईची बाटली घ्यायचीस, आधी समईत धार धरायचीस, मग दोन थेंब कातड्यावर. "आदी देवाला, मंग ह्येला." असा वायसर दीड-दोन वर्षं टिकायचा. पलटणीतले आमचे सहा महिन्यांत चिरायचे!

रॉकेल जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळल्याशिवाय तू टाकीत घातलं नाहीस, आणि स्टोव्ह तापलेला असताना तर टाकीचं झाकण कुणाला उघडू दिलं नाहीस. ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली असायचीस आणि तिथूनच मला सांगायचीस, "पिन मार रं, त्येचं नाक चोंदलंय." नुसत्या आवाजावरून! आळीतल्या बाया स्टोव्ह घेऊन तुझ्याकडं यायला लागल्या. दांडा हलका लागला तर कातडं सुकलं. जाळ पिवळा भडकला तर बर्नर नीट तापला नाही, हवा सोडा आणि पुन्हा पेटवा. रॉकेल पंपातून उलटं आलं तर तळाची झडप गेली, "तितं आपला हात नगं, गफूरभाईला हाक मारा." आणि प्रत्येकीला, तिनं विचारलं नाही तरी, आधी सांगायचीस, "ह्यात कातडं हाय हां. चालत आसंल तर शिकवती." दोघीजणी उठून गेल्या. तुला वाईट वाटलं नाही. बाकीच्या बसल्या.

डोळे मात्र शाबूत राहिले, अक्का! शेवटपर्यंत सुईत दोरा तूच ओवत होतीस. डॉक्टरांची भिंत तुला धरावी लागली नाही.

शेवटच्या तापात मी तुझ्यासाठी पेज करत होतो. म्हणालीस, "बंद कर रं त्यो, डोस्कं उठलं." मी हवा सोडली. थोड्या वेळानं तूच, "घर लय गप झालं. पेटव परत." ती पेज तू दोन चमचेच घेतलीस. आणखी दोन घे म्हणून मी आग्रह का केला नाही?

असो. गंगूचं सांगतो. सकाळपासून मनात घोळतंय की तिला तुझी पखवाजाची गोष्ट सांगावी आणि मोकळं व्हावं. पण विचार केला, ते तुला उमगलं ते तू पंधरा दिवस धूर खाऊन, भजनात बसून. मी ते गंगूपुढं ठेवलं तर मोठ्यांच्या तोंडाकडं बघून ती हो म्हणेल, आणि मनात तसंच ठेवून देवापुढं घंटी वाजवेल. तसं उभं राहणं काय असतं, ते मला ठाऊक आहे. तिनं विचारलंय ते पंपाबद्दल. उत्तरही पंपाबद्दलच द्यायला हवं.

तेव्हा हे माझं वचन. कचेरी सुटली की इकडंतिकडं न करता घरी जाईन. दिवेलागणीच्या आत गंगूला समोर बसवून पंप उघडीन, वायसर तिच्या तळहातावर ठेवीन आणि म्हणेन, "हे कातडं हाय, पोरी. सकाळी मी टाळलं, चुकलो." मग ती सांगेल तसं. स्टोव्ह म्हणाली तर तिच्या हातानं तेल लावून घेईन. चूल म्हणाली तर लाकडं मी फोडीन, फुंकणीही मीच धरीन, तिच्या डोळ्यांत धूर जाऊ देणार नाही. ती काय म्हणेल ते मला आत्ता ठाऊक नाही. पण त्याची धास्ती वाटत नाही, ही गंमत बघ!

उद्या तुझं पान कशावर रांधलंय ते तुला वासावरून कळेलच. खरं सांगून रांधलेलं असेल, एवढं मी आजच सांगून ठेवतो. पोटभर जेव.

तुझा धाकटा,
सदू