तिकिटाबरोबर एक टॅकल फुकट

४ नोव्हेंबर, सोमवार

ब्रॅकनशॉ रग्बी लीग क्लबच्या सीझन तिकिटांचा संपूर्ण चार्ज आजपासून माझ्याकडे. कमिटीत बिनविरोध निवड. दुसरं कुणी उभंच राहिलं नाही. क्लिफर्ड ऑल्डरॉयडसमोर उभं राहायला छाती लागते.

काम साधं आहे. मैदानावर आपण वरच्या विभागात जायची लायकी मिळवली, पण लीगवाले म्हणतात, पंधरा जानेवारी, संध्याकाळी पाचपर्यंत सहाशे सीझन तिकिटं विकून दाखवा, नाहीतर राहा खालीच. चेअरमन बूथरॉयड म्हणाले, खाली राहिलो तर दोन वर्षांत क्लबला कुलूप. मैदानावर कुणीतरी फर्निचरचं गोडाऊन बांधेल.

मागच्या वर्षीची विक्री: दोनशे चार. माझा अंदाज: एक हजार.

बायकोला, ग्लेनिसला, सांगितलं. ती इस्त्री करत होती. म्हणाली, बरं.

९ नोव्हेंबर, शनिवार

शेजारच्या गावाबरोबर मैत्रीचा सामना. पहिला ठोसा चौथ्या मिनिटाला. सहाव्या मिनिटाला सव्वीसच्या सव्वीस खेळाडू मारामारीत. आमचा प्रॉप, म्हणजे पुढच्या फळीतला धिप्पाड गडी, गार्थ मिडग्ली (वजन एकशे अठरा किलो, आठवडाभर लोकांच्या भिंतींना प्लास्टर करतो) याने त्यांच्या दोघांना एकाच काखेत धरून एकमेकांवर आपटलं. त्यांचा एक पोरगा कठड्याजवळ येऊन रक्त थुंकला, तर एडना स्पाइवीबाईंनी त्याच्या डोक्यात कुबडी घातली. वय एक्याऐंशी. म्हणाल्या, माझ्या बुटांवर थुंकतोस काय रे मेल्या.

मी मात्र प्रेक्षकांकडे बघत होतो. मारामारी सुरू झाल्यावर सगळ्यांनी चहाचे कप खाली ठेवले. चांगला खेळ चालू असताना कुणीच ठेवले नव्हते.

तीन वाजून वीस मिनिटांनी कल्पना सुचली. वेळ मुद्दाम नोंदवतो आहे.

१२ नोव्हेंबर

कमिटीपुढे योजना मांडली. तिकिटाबरोबर एक टॅकल फुकट! जो सीझन तिकीट घेईल, त्याला गार्थ मिडग्ली स्वतः धावत येऊन आडवा करणार. जन्मभराची आठवण.

बूथरॉयडनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, ऑल्डरॉयड, हे कुणाला हवंय? मी म्हटलं, साहेब, याला मार्केटिंग म्हणतात.

ग्लेनिस म्हणाली, बरं.

२३ नोव्हेंबर

विक्री: सहा. टॅकल मागणारे: शून्य. एकाने विचारलं, टॅकल नको असेल तर तिकीट स्वस्तात मिळेल का?

लोकांना प्रात्यक्षिक लागतं. पुढच्या शनिवारी भर बाजारात गार्थ मला टॅकल करेल. मी अठ्ठावन्न वर्षांचा असलो तरी हाडं घट्ट आहेत. आजपासून रोज तीस जोर.

(आज चार मारले. सुरुवात म्हणून ठीक.)

१ डिसेंबर, रविवार. हॉस्पिटल

डावा हात चालतो, म्हणून लिहितो आहे.

काल बाजार भरलेला. मी पाय फाकवून उभा राहिलो. गार्थने दोनदा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, ये तू. तो अठरा पावलांवरून आला. शेवटची चार पावलं ऐकू आली नाहीत, कारण तोवर मी हवेत होतो. गरम मटारांच्या स्टॉलमधून आरपार गेलो. लाकडी फळी मोडली, पातेलं डोक्यावर उपडं झालं, कानात मटार. तीन बरगड्या.

पण टाळ्या! शुद्ध जायच्या आधी मी स्पष्ट ऐकल्या. सगळा बाजार टाळ्या वाजवत होता. मिल बंद झाल्यापासून तेरा वर्षांत या गावात माझ्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती.

गार्थ सांगत होता, मला उचलत असताना एक बाई त्याच्याजवळ आली आणि विचारू लागली, याला मी मारलं तर चालेल का? बूथरॉयड शेजारीच उभे होते.

३ डिसेंबर. घरी

बूथरॉयड द्राक्षं आणि नवं पोस्टर घेऊन आले. पोस्टरवर माझा फोटो. वर मोठ्या अक्षरात: ऑल्डरॉयडला पाडा! आता गार्थ गिऱ्हाइकाला मारणार नाही. गिऱ्हाईक मला मारणार. मी संकोचाने म्हटलं, माझ्यासाठी कोण येणार? ते म्हणाले, सकाळपासून अठ्ठेचाळीस गेली.

गावाचं प्रेम असं अचानक कळतं. सव्वीस वर्षं गालिच्याच्या मिलमध्ये मी कर्मचारी अधिकारी. मिल बंद झाली त्या दिवशी कँटीनच्या टेबलावर उभं राहून कामावरून काढलेल्यांची तीनशे चाळीस नावं मीच वाचली. एकही उच्चार चुकला नाही. मालकांनी खास शाबासकी दिली. तो आवाज लोक अजून विसरलेले नाहीत.

हे ग्लेनिसला म्हणून दाखवलं. ती खोलीतून निघून गेली. बहुतेक गॅसवर काहीतरी होतं.

१४ डिसेंबर, शनिवार

टॅकलचा पहिला दिवस. छातीला घट्ट पट्टे, मैदानावर व्यायामशाळेची गादी. रांगेत एकसष्ट जण. रांग गेटाबाहेर. या क्लबात रांग मी आजवर फक्त संडासाला पाहिली होती.

जुनी मिलची माणसं अजून अदबीने वागतात. पहिला आला तो म्हणाला, साहेब, चष्मा काढा. मी काढला. मग त्याने बरगड्यांत खांदा घातला.

एक गंमत. धावण्याआधी प्रत्येक जण स्वतःचं नाव सांगतो. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. एक तरुण बाई म्हणाली, आर्थर हेग. बाईचं नाव आर्थर? बहुधा वडलांचं असेल. वडलांच्या नावाने टॅकल! सगळं घराणंच रग्बीप्रेमी. तिने मला मानेला धरून आपटलं. तंत्र चुकीचं, पण तळमळ खरी.

एका म्हाताऱ्याने रांगेत उभ्या उभ्या कोट काढला, घडी घातली, बायकोकडे दिला आणि मग आला. असे प्रेक्षक त्या दुसऱ्या, पंधराजणांच्या रग्बीला मिळत नाहीत.

विक्री: दोनशे सत्त्याण्णव.

२१ डिसेंबर

विक्री: तीनशे एक्क्याण्णव. पुढचा एक दात गेला. डावा डोळा मिटलेला. मूड उत्तम.

आज एक चाळिशीतला माणूस आला. टॅकल केलं आणि उठेचना. माझ्यावर बसून ठोसे मारत राहिला, मोजून सात. गार्थने ओढून काढला तेव्हा हमसून रडत होता. खेळाचं वेड म्हणावं ते हेच!

नंतर कपडे बदलायच्या खोलीत गार्थने माझ्या तोंडाला बर्फ लावला. हळूच म्हणाला, क्लिफर्ड, ती माणसं काय म्हणतात ते कळतं ना तुला? मी म्हटलं, कळतं की, ओळख करून देतात. तो म्हणाला, माझ्या आईचं नाव तुझ्या यादीत तिसऱ्या पानावर होतं. मी म्हटलं, मग तिलाही सांग तिकीट घ्यायला, अजून दोनशे नऊ हवीत.

तो बाहेर गेला आणि सामानाच्या शेडचं दार एका बुक्कीत बिजागरीसकट उखडलं. सीझन जवळ आला की खेळाडूंना असा ताण येतो. बूथरॉयडना कळवायला हवं.

२६ डिसेंबर

काल नाताळ. टर्की चावता येत नाही; ग्लेनिसने माझ्यासाठी मिक्सरमधून काढली. जेवताना तिने विचारलं, त्या यादीतलं काही आठवतं का तुला?

मी म्हटलं, सगळं. तीनशे चाळीसच्या तीनशे चाळीस नावं, आद्याक्षरांप्रमाणे. ऐकवू?

म्हणाली, नावं नव्हे. चेहरे.

मी म्हटलं, यादीत चेहरे नव्हते.

तिने काटा आणि सुरी ताटात नीट शेजारी शेजारी ठेवली, आणि जेवण अर्धवट टाकून उठली. तिला रग्बीची आवड नाही, त्यामुळे या दिवसांत ती एकटी पडते. सीझन संपला की तिला कुठेतरी समुद्रावर न्यायचं. ठरलं.

४ जानेवारी

विक्री: पाचशे चाळीस. कॉलरबोन मोडलं. ज्याने मोडलं तो भला माणूस. अँब्युलन्स येईपर्यंत शेजारी बसून होता. म्हणाला, साहेब, वाटलं होतं बरं वाटेल.

मी म्हटलं, वाटेल, पहिला सामना तर होऊ दे.

डॉक्टर म्हणाले, आणखी एक फटका बसला तर मानेची खात्री देत नाही. मानेला पट्टा बांधला. मी त्यांनाही तिकिटाबद्दल विचारलं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

निश्चय: माघार नाही.

११ जानेवारी

विक्री: पाचशे अठ्ठ्याऐंशी. बूथरॉयड म्हणत होते, आता बस कर, वकील ओरडतोय. मी म्हटलं, बारा तिकिटांसाठी क्लब मारणार का?

आज स्पाइवीबाई आल्या. त्यांच्याकडे साठ वर्षांपासून सीझन तिकीट आहे, तरी दुसरं घेतलं. मिलमध्ये चाळीस वर्षं गालिच्यांतल्या गाठी काढायचं काम त्यांच्याकडे होतं. पाच पावलांवर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, एडना स्पाइवी.

मी गार्थकडे वळून म्हटलं, बघ! स्वतःचंच नाव. ओळखच करून देतात, सांगत होतो ना.

वाक्य संपायच्या आत कुबडी नडगीवर. मग दुसऱ्या नडगीवर. मी वाकलो तेव्हा पाठीत. बाईंच्या मनगटात अजून जोर आहे. त्या वाकून कानात म्हणाल्या, पोरा, तू माझं नाव किती छान वाचलं होतंस रे. जसं काही बक्षीसच देतोयस.

ही शाबासकीच होती. तरी झोप लागली नाही.

१५ जानेवारी, बुधवार

सकाळी अकरा: पाचशे शहाण्णव.

दुपारी दोन: पाचशे अठ्ठ्याण्णव. भाऊ-बहीण आले, दोघं मिळून एकच नाव म्हणाले, एकाने वरून मारलं, एकीने खालून.

चार: पाचशे नव्याण्णव. रांग संपली. मैदानावर पाऊस, मी, गार्थ, आणि तिकिटांच्या खिडकीत घड्याळाकडे बघणारे बूथरॉयड. एवढ्या मोठ्या गावात एक माणूस मिळेना.

पाचला वीस कमी असताना गेटातून ग्लेनिस आली. एकतीस वर्षांच्या संसारात ती पहिल्यांदा मैदानात आली. मला भरून आलं. गार्थला म्हटलं, बघ, शेवटी बायकोच. तिने खिडकीत तिकीट घेतलं. बूथरॉयडनी आत टेबलावर मूठ आपटली. सहाशे! मी एक हात पसरून तिच्याकडे निघालो.

ती म्हणाली, तिथेच थांब.

पर्स गार्थच्या हातात दिली. कोट काढला. गार्थ म्हणाला, वहिनी, त्याची मान. ती म्हणाली, माहितीये मला, मीच रोज पट्टा बांधते.

वीस पावलं मागे गेली. मी हसत होतो. मग ती म्हणाली, ब्रायन.

ब्रायन म्हणजे तिचा धाकटा भाऊ. रंगखात्यात होता. यादीत चौदावा. माझं त्याच्याशी काही वाकडं नव्हतं. नाव आलं, वाचलं. तो समोरच बसला होता, हातात सँडविच. पुढे तो डॉनकास्टरला गेला, आणि आमच्याकडे येणं बंद झालं. त्याला पिवळसर मिशी होती. सँडविचमधून अंडं गळत होतं. त्याने माझ्याकडे बघून, मी मेहुणा म्हणून, जरासं हसू आणलं होतं. नाव वाचल्यावरही ते हसू तसंच राहिलं होतं. काढायचं विसरला होता तो.

हे सगळं मला ती धावत येत असताना दिसलं. वीस पावलांत बरंच दिसतं.

तिने मान वाचवली. डोकं पोटात घातलं. मी चिखलात उताणा पडलो, ती माझ्यावर. श्वास परत येईपर्यंत ती तशीच पडून होती, मुठीत माझा शर्ट धरून. मग तिने शर्ट सोडला, उठली, गार्थकडून पर्स घेतली.

मी विचारलं, लागलं का तुला?

म्हणाली, बरं.

१७ जानेवारी

लीगचं पत्र आलं. आम्ही वरच्या विभागात. बूथरॉयडनी फोनवर तीनदा अभिनंदन केलं. वर्तमानपत्रात फोटो. माझा नाही, गार्थचा.

ग्लेनिस डॉनकास्टरला ब्रायनकडे गेली आहे. येते म्हणाली. कधी, ते म्हणाली नाही.

डोळे मिटले की कँटीन दिसतं. काल टेबल दिसलं होतं. आज बाकांवरची माणसंही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचा परिणाम असावा. बदलून मागायच्या.

१६ फेब्रुवारी, रविवार

वरच्या विभागातला पहिला सामना. हवा कोरडी, ऊन पडलेलं. मी सकाळी नऊलाच जाऊन बसलो. सहाशे सीझन तिकिटं. अधिक पाहुण्यांचे लोक, अधिक गेटावर येणारे. गर्दी आवरायला दोन माणसं जास्त लावा, असं मी बूथरॉयडना बजावलं होतं.

तीनला शिट्टी. सीझन तिकीटवाले आलेले: एकशे त्र्याहत्तर.

अर्ध्या वेळेत बूथरॉयड स्वतः गेटाबाहेर गेले. समोरच्या दुकानात आमचे दहा-बारा तिकीटवाले बसलेले, चिप्स खात. यांनी विचारलं, अहो, चला ना, सामना चालू आहे, तिकीट आहे ना तुमच्याकडे? त्यांतला एक म्हणाला, होतं की. वापरलं.

बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणी चिडून नाही. कामाला जाऊन आल्यासारखे शांत बसले होते, म्हणे.

आम्ही चार विरुद्ध अठ्ठावन्न हरलो. गार्थला तेविसाव्या मिनिटाला बाहेर काढलं. त्याने कुणाला मारलं नव्हतं. उलट त्यांच्या प्रॉपने कोपर मारून याचं नाक फोडलं आणि हा हात खाली सोडून उभाच राहिला.

मी मुख्य स्टँडमध्ये, चौथ्या रांगेत. उजवीकडची खुर्ची विकलेली. डावीकडचीही विकलेली, ग्लेनिसची. शेवटची शिट्टी होईपर्यंत मी दोन्हींवर हात ठेवून होतो, कुणी बसू नये म्हणून.

कुणी विचारलं नाही.